लिनस पॉलिंग आणि सिकलसेलचे रहस्य

पूर्व विदर्भातील आपल्या भागात सिकलसेल हा इंग्रजी शब्द अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ठाऊक आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांत हा रक्ताचा आजार पिढ्यान्पिढ्या चालत आलेला आहे. सांधे सुजणे, हाडे ठणकणे, डोळे पिवळे पडणे, कोवळ्या वयातच थकून जाणे. या साऱ्याचा दोष कुणी दैवाला देतात, कुणी करणीला. हा दोष खरोखर कुठे दडलेला आहे, हे ज्यांनी जगाला प्रथम दाखवून दिले त्यांचे नाव लिनस पॉलिंग. विज्ञान शाखेच्या पुस्तकांत त्यांचे नाव वारंवार येते. आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांची मात्र त्यांच्याशी सहसा गाठ पडत नाही. म्हणून त्यांची जीवनकथा येथे सांगण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

लिनस पॉलिंग यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९०१ रोजी अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहरी झाला. वडील औषधविक्रेते होते. १९१० साली, लिनस अवघा नऊ वर्षांचा असताना, ते वारले. मागे राहिली आई आणि तीन मुले. लिनस आणि त्याच्या दोन धाकट्या बहिणी. आईने घरात भाडेकरू ठेवून, त्यांची खाणावळ चालवून संसार ओढला. त्यातच तिला रक्तक्षयाचा दुर्धर विकार होता, आणि त्या विकारानेच १९२६ साली तिचा अंत झाला. पुढे रक्ताच्या आजारावर जगप्रसिद्ध संशोधन करणाऱ्या या मुलाने बालपणी घरातच निस्तेज झालेल्या रक्ताचे दुःख पाहिले होते.

वयाच्या तेराव्या वर्षी लॉइड जेफ्रेस नावाच्या एका मित्राने त्याला आपल्या खोलीत एक प्रयोग करून दाखविला. साखर आणि पोटॅशियम क्लोरेट यांच्या मिश्रणावर गंधकाम्लाचा थेंब टाकताच ते भडकून उठले आणि मागे काळा कोळसा उरला. एका पदार्थाचा डोळ्यांदेखत दुसरा पदार्थ होतो, या आश्चर्याने लिनस भारावून गेला आणि त्याच दिवशी त्याने रसायनशास्त्रज्ञ व्हायचे ठरविले. आजोबा एका बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्याजवळ रात्रीचे पहारेकरी होते. त्या कारखान्याच्या ओसाड प्रयोगशाळेतून बाटल्या आणि रसायने आणून त्याने घराच्या तळघरात आपली प्रयोगशाळा थाटली. शाळेत मात्र अमेरिकेच्या इतिहासाचे दोन पाठ्यक्रम राहून गेल्यामुळे त्याला शालान्त प्रमाणपत्र मिळाले नाही. ते शाळेने १९६२ साली दिले. तोपर्यंत एक नोबेल पारितोषिक त्यांच्या पदरी पडून आठ वर्षे झाली होती!

१९१७ साली लिनस कॉर्व्हॅलिस येथील शेतकी महाविद्यालयात दाखल झाला. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी त्याने लाकडे फोडली, मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मांस कापले, फरशी पुसली. उन्हाळ्याच्या सुटीत तो रस्त्याच्या डांबरीकरणावर तपासनीस म्हणून राबे. १९१९ साली घरची परिस्थिती इतकी ओढग्रस्तीची झाली, की त्याची कमाई आईला द्यावी लागली आणि महाविद्यालय सुटण्याची वेळ आली. तेव्हा महाविद्यालयानेच त्याला दरमहा शंभर डॉलरवर शिकविण्याचे काम दिले. अठरा वर्षांचा मुलगा आदल्या वर्षी स्वतः शिकलेला विषय इतरांना शिकवू लागला. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच आहे. म्हणून असेल कदाचित, पण पॉलिंगच्या चरित्रातले हे पान मला नोबेल पारितोषिकाच्या पानापेक्षा जवळचे वाटते. शिकवीत असतानाच १९२२ साली त्याच्या वर्गात अ‍ॅव्हा हेलन मिलर ही गृहशास्त्राची विद्यार्थिनी आली. पुढच्या वर्षी दोघांचा विवाह झाला आणि तो संसार अठ्ठावन्न वर्षे टिकला.

१९२५ साली पॉलिंग यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे डॉक्टरेट मिळविली. नंतर युरोपात जाऊन त्यांनी पुंजभौतिकी हे तेव्हाचे नवे शास्त्र आत्मसात केले. स्फटिकांवर क्ष-किरण टाकून आतील अणूंची मांडणी कशी ओळखावी, हे त्यांचे आवडते काम. याच कामातून १९२७ साली त्यांनी निरनिराळ्या आयनांच्या त्रिज्या काढल्या. आयन म्हणजे विद्युतप्रभार असलेला अणू. मीठ पाण्यात विरघळले म्हणजे त्यातून सोडियमचे आणि क्लोरीनचे आयन सुटे होतात. सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले तर एका भागाला अँगस्ट्रॉम म्हणतात. सोडियम आयनाची त्रिज्या ०.९५ अँगस्ट्रॉम आणि पोटॅशियम आयनाची १.३३ अँगस्ट्रॉम, असे पॉलिंग यांनी सांगितले. हा एवढासा फरक म्हणजे केवळ कोष्टकात लिहून ठेवण्याची बाब असे कुणालाही वाटेल. परंतु जीवसृष्टीचा बराचसा व्यवहार याच फरकावर चालतो. आपल्या प्रत्येक पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर आणि बाहेर सोडियम भरपूर, अशी व्यवस्था आहे. ही व्यवस्था बिघडली की हृदयाचे ठोके चुकतात, स्नायू लुळे पडतात आणि रक्तपेशी सुकतात.

१९३९ साली रासायनिक बंधांवरील त्यांचा विख्यात ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९४१ साली मूत्रपिंडाच्या गंभीर विकाराने ते मृत्यूच्या दारात जाऊन आले. डॉ. थॉमस अ‍ॅडिस यांनी सांगितलेला मीठ आणि प्रथिने कमी असलेला आहार त्यांनी कित्येक वर्षे निष्ठेने पाळला आणि ते बरे झाले.

सिकलसेलशी त्यांची गाठ पडली ती १९४५ साली, एका भोजनप्रसंगी. विल्यम कॅसल नावाचे डॉक्टर एका रोगाविषयी बोलत होते. या रोगात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात; तेही प्राणवायू कमी असलेल्या रक्तात. प्राणवायू मिळाला की त्या पुन्हा गोल होऊ लागतात. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ते नुसते ऐकले. पॉलिंग यांनी मात्र तिथेच विचार केला, की प्राणवायू वाहून नेणारा पदार्थ हिमोग्लोबिन. तेव्हा दोष पेशीत नसून तिच्यातील हिमोग्लोबिनच्या रेणूतच असला पाहिजे.

ही कल्पना तपासण्याचे काम त्यांनी हार्वे इटानो या तरुण डॉक्टरवर सोपविले. इटानो यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. बर्कले विद्यापीठात १९४२ साली ते पहिले आले. परंतु ते जपानी वंशाचे असल्यामुळे युद्धकाळात सरकारने त्यांना आप्तांसह छावणीत डांबले होते आणि सुवर्णपदक घ्यायला ते पदवीदान समारंभाला जाऊ शकले नाहीत. अशा तरुणाला पॉलिंग यांनी आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली. इटानो, सिंगर आणि वेल्स या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचे व रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवून पाहिले, तेव्हा दोन्ही वेगवेगळ्या गतीने सरकू लागले. याचा अर्थ दोन्ही रेणूंवरील विद्युतप्रभारात फरक होता. ज्यांना आजार नाही पण जे वाहक आहेत, त्यांच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन आढळले. नोव्हेंबर १९४९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूपर्यंत नेऊन दाखविण्याची वैद्यकाच्या इतिहासातील ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी जेम्स नील यांनी हा आजार आई व वडील दोघांकडून दोषी जनुक आल्यासच होतो, हेही स्पष्ट केले.

रेणूत नेमका बदल कोणता, हे इंग्लंडमध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६ व १९५७ साली शोधले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लांचे मणी ओवलेले असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. पहिल्यावर ऋण प्रभार असतो, दुसऱ्यावर काहीच नसतो. जनुकातील एका अक्षराच्या बदलाने, म्हणजे एका उत्परिवर्तनाने, एवढे घडते.

पण एक मणी बदलल्याने माणसाला असह्य वेदना का व्हाव्यात? इथे पोटॅशियम पुन्हा आपल्याला भेटते. प्राणवायू सोडून दिलेले हे सदोष रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या लांब काड्या बनतात. काड्यांनी पेशी ताणली गेली की तिच्या पातळ आवरणातून कॅल्शियम आत झिरपते. या आवरणात प्रथिनांची बनलेली अतिसूक्ष्म दारे असतात. त्यांना आयन-वाहिन्या म्हणतात. कॅल्शियम वाढले की त्यांपैकी पोटॅशियमची एक वाहिनी उघडते. कॅल्शियममुळे तांबड्या पेशीतून पोटॅशियम बाहेर जाते, हे हंगेरीचे शास्त्रज्ञ गार्डोस यांनी १९५८ साली दाखविले आणि म्हणून ती वाहिनी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पोटॅशियम बाहेर पडले की पाणीही त्याच्यामागून जाते. धानाच्या बांधीचा बांध फुटला की पाणी निघून जाते आणि माती आवळत जाते, तशीच काहीशी त्या पेशीची गत होते. पाणी कमी झालेल्या पेशीत हिमोग्लोबिन अधिक दाटते, दाटले की अधिक वेगाने चिकटते, आणि चिकटले की पेशी आणखी ताणली जाते. असे हे दुष्टचक्र आहे. ताठ झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडांत, छातीत, पोटात कळा सुरू होतात. सिकलसेलच्या रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, असे आरोग्यसेविका पुनःपुन्हा सांगतात त्याचे कारण हेच आहे.

सिकलसेलमध्ये उत्परिवर्तन हिमोग्लोबिनच्या जनुकात असते. वाहिनी मुळात निर्दोष असते आणि आयनांची वाहतूक अप्रत्यक्षपणे बिघडते. परंतु उत्परिवर्तन खुद्द वाहिनीच्या जनुकातही होऊ शकते. गार्डोस वाहिनीच्या जनुकातील बदलामुळे ती गरजेपेक्षा अधिक उघडी राहते, पेशी सुकतात आणि वेगळ्याच प्रकारचा आनुवंशिक रक्तक्षय होतो, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. हृदयातील पोटॅशियम-वाहिन्यांत असा बदल झाला तर प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पूर्वपदावर येण्यास उशीर लागतो आणि धडधाकट दिसणारे मूलही एकाएकी बेशुद्ध पडू शकते. दार फार उघडे राहणे आणि दार नीट न उघडणे, दोन्ही घातकच.

पॉलिंग यांच्या चरित्राकडे पुन्हा वळू. १९४८ साली ते ऑक्सफर्डला असताना सर्दीने अंथरुणास खिळले होते. पडल्या पडल्या त्यांनी एका कागदावर प्रथिनाची साखळी रेखाटली आणि कागद दुमडून दुमडून तिला मळसूत्राचा आकार दिला. तोच पुढे अल्फा हेलिक्स म्हणून प्रसिद्ध झाला. त्यावरचे संशोधन १९५१ साली छापून आले. १९५४ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर महासत्तांनी अणुबॉम्बच्या चाचण्यांचा सपाटा लावला. त्यातून पसरणाऱ्या किरणोत्साराने जनुकांत बदल होऊन न जन्मलेली मुले व्याधिग्रस्त होतील, असे पॉलिंग पोटतिडकीने सांगू लागले. या कार्यात अ‍ॅव्हा हेलन त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. सरकारने त्यांना देशद्रोही मानले. १९५२ साली परदेशी जाण्याचा परवाना नाकारला. ते डगमगले नाहीत. १९५८ साली चाचण्या थांबविण्याची विनंती करणारे, हजारो शास्त्रज्ञांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाला सादर केले. १९६३ साली मर्यादित चाचणीबंदीचा करार झाला आणि पॉलिंग यांना १९६२ सालचे शांततेचे नोबेल जाहीर झाले. कुणाशीही वाटून न घेता दोन नोबेल पारितोषिके मिळविणारे ते आजवरचे एकमेव गृहस्थ आहेत.

इथपर्यंतचे चरित्र वाचून कुणीही हात जोडील. पण थोर माणसाचे चरित्र सांगताना अडचणीचे पान फाडून टाकणे योग्य नव्हे. १९६८ साली पॉलिंग यांनी एका लेखात असे सुचविले, की सिकलसेलचे वा तशा अन्य रोगाचे जनुक ज्यांच्यात आहे त्या तरुण-तरुणींच्या कपाळावर एक खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. यामागे दुष्ट बुद्धी नव्हती. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि अशा मुलांचे हाल त्यांना टाळायचे होते. अणुचाचण्यांना त्यांनी केलेला विरोध आणि ही सूचना, दोन्ही एकाच कळवळ्यातून आलेल्या आहेत. परंतु ज्या माणसाने दोष माणसात नसून रेणूत आहे हे सिद्ध केले, त्याच माणसाने तो रेणू माणसाच्या कपाळावर आणून ठेवावा, ही मोठी विसंगती होय. ती सूचना कुणी अमलात आणली नाही. तरीही अमेरिकेत १९७० नंतर काही राज्यांनी कृष्णवर्णीयांच्या सक्तीच्या तपासणीचे कायदे केले, तेव्हा ज्यांना काहीही आजार नव्हता अशा निव्वळ वाहकांनाही नोकरी आणि विमा नाकारण्याचे प्रकार घडले. कपाळ गोंदविले नाही, पण डाग लागलाच.

उतारवयात पॉलिंग यांनी क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने सर्दी व कर्करोगही हटतो असा आग्रह धरला. इतरांच्या काटेकोर चाचण्यांत कर्करोगाबाबतचा दावा खरा ठरला नाही. १९८१ साली अ‍ॅव्हा हेलन गेल्या. १९ ऑगस्ट १९९४ रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, पॉलिंग यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९९८ साली, रॉडरिक मॅकिनन यांनी पोटॅशियम-वाहिनीची रचना क्ष-किरणांनी उलगडून दाखविली. त्यासाठी त्यांना २००३ साली नोबेल मिळाले. पोटॅशियमपेक्षा लहान असूनही सोडियम त्या दारातून का जात नाही, हे कोडे तेव्हा सुटले. पाण्यात प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे वेष्टण असते. वाहिनीच्या अरुंद भागात प्राणवायूचे अणू अशा अंतरावर मांडलेले असतात, की पोटॅशियमला पाण्याचे वेष्टण उतरवूनही त्याच्यासारखाच आधार मिळतो. सोडियम लहान, त्याला तो आधार पुरत नाही, म्हणून ते बाहेरच राहते. ज्या त्रिज्या पॉलिंग यांनी १९२७ साली मोजल्या, त्याच इथे पहारा देत होत्या. वाहिनीच्या भिंतीही अल्फा हेलिक्सच्याच बनलेल्या निघाल्या. आपण लावलेल्या झाडाचे हे फळ पाहायला पॉलिंग मात्र उरले नव्हते.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली, त्यालाही आता सहा दशकांहून अधिक काळ लोटला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांतील ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने अनेक रुग्णांचे वेदनांचे झटके कमी होतात. गार्डोस वाहिनी बंद करणारे एक औषधही परदेशात तपासून पाहण्यात आले. त्याने पेशींचा नाश कमी झाला, पण वेदनांचे झटके कमी झाले नाहीत, म्हणून ती चाचणी २००७ साली थांबविण्यात आली. एक दार लावल्याने सारे घर सुरक्षित होत नाही, हाच त्याचा धडा.

तपासणीनंतर मिळणारे कार्ड हे ज्ञानाचे साधन आहे. सोयरीक ठरविताना मुलगा आणि मुलगी या दोघांनीही ते पाहावे, यात गैर काहीच नाही. एक वाहक आणि दुसरा निर्दोष असेल तर त्यांच्या मुलांना सिकलसेलचा आजार होत नाही. वाहक म्हणजे रोगी नव्हे. उलट घातक हिवतापापासून वाहकाला काही प्रमाणात संरक्षण मिळते, आणि म्हणूनच आपल्यासारख्या जंगलाच्या मुलखात हे जनुक टिकून राहिले. असे असता मुलीचे कार्ड तेवढे मागायचे, मुलाचे मागायचेच नाही, आणि ती वाहक निघाली की गावभर बोभाटा करायचा, हे कपाळ गोंदविण्यापेक्षा वेगळे आहे काय? मित्रहो, पॉलिंग यांच्या चुकीपासून शिकण्याची संधी आपल्याला मिळाली आहे. आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील, ग्रामसेवक होतील, आणि सर्वच जण कुणाचे तरी भाऊबहीण आहेत. आपापल्या गावी एवढे तरी सांगू या, की रक्ताची तपासणी सर्वांनी करावी, निकाल ज्याचा त्याच्यापाशी राहावा आणि दोष रेणूचा आहे, माणसाचा नाही.

(बी. ए. द्वितीय वर्ष)